गुपिताचा धनी

पावसाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी आमच्या खारीतील एक परिचारिका चर्चच्या कार्यालयात आली. रोझरीची प्रार्थना नुकतीच संपली होती. तिच्या हातात एक तपकिरी पाकीट होते. ते टेबलावर ठेवून ती कितीतरी वेळ नुसतीच बसून राहिली. ज्या छोट्या रुग्णालयात ती रात्रपाळी करते, तेथील डॉक्टरांविरुद्ध एका रुग्ण स्त्रीच्या घरच्यांनी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली होती. तक्रारीत साक्षीदार म्हणून हिचे नाव होते आणि त्या रात्री जे पाहिले ते लेखी कळवावे, असे पत्र तिला आले होते.

"फादर, रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायची नसते, हे आम्हांला ट्रेनिंगच्या पहिल्याच वर्षी शिकवतात," ती म्हणाली. "मग मी गप्प राहिले तर चालेल ना?"

'चालेल' हे एकच उत्तर तिला हवे होते, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा करणे अगत्याचे आहे. गुप्ततेवर लिहायचे आणि लिहिता लिहिता दुसऱ्याचे गुपित फोडायचे, हा दांभिकपणा आमच्या हातून घडू नये म्हणून ही हकिकत तिच्या आणि तिच्यामार्फत त्या रुग्ण भगिनीच्याही संमतीने येथे देत आहोत. आजार, वेळ, नातीगोती सारे बदलले आहे. रुग्णालय खारीतले नाही, भाईंदरमधलेही नाही. तेव्हा वाचकांनी तर्क लढवण्याचे श्रम घेऊ नयेत. मजकूर तिला आधी वाचून दाखवला. दोन ओळी तिने काढायला लावल्या, त्या काढल्या. बदलले नाही ते एवढेच की, खारी खरी आहे आणि प्रश्नही खरा आहे.

तिला दोन गोष्टी ठाऊक होत्या. पहिली अशी की, रुग्णाची अवस्था बिघडल्याचे डॉक्टरांना फोनवर कळवल्यावर ते जवळजवळ तीन तासांनी आले आणि सकाळी नोंदवहीतील वेळ कोणीतरी खोडून नव्याने लिहिली. दुसरी गोष्ट त्या स्त्रीने स्वतः, मध्यरात्री, हिचा हात धरून सांगितली होती. ती घरच्यांपैकी कोणालाच माहीत नव्हती. त्या गोष्टीचा आजाराशी संबंध होता आणि ती उघड झाली असती तर डॉक्टरांवरील दोषाचा काही भार कदाचित हलका झाला असता. ती गोष्ट कोणती, हे आम्ही विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. वाचकांची उत्सुकता चाळवली असेल, तर आमचीही चाळवली होती, हे कबूल करतो.

डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते. कोविडच्या दिवसांत, २०२० साली, जेव्हा अनेकांनी दवाखाने बंद ठेवले तेव्हा यांनी दार उघडे ठेवले होते. गरिबाकडून पैसे न घेतल्याचे दाखले तिने स्वतःच दिले. तक्रार झाल्यावर मात्र त्यांनी सर्व कर्मचाऱ्यांना बोलावून बजावले होते की, रुग्णाची माहिती गोपनीय असते, कोणी कोणाशी काही बोलायचे नाही. आणि हे वाक्य वरवर पाहता अगदी बरोबर होते.

त्या वाक्याने आम्ही बराच वेळ अडखळलो. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला गुपितांचे तीन प्रकार शिकवले गेले होते. जे सहज कानांवर आले, पण बोलल्याने दुसऱ्याचे नुकसान होईल ते पहिले. जे सांगणार नाही असे आपण नंतर वचन दिले ते दुसरे. आणि जे विश्वासाने, सांगू नये या अटीवरच आपल्या स्वाधीन झाले ते तिसरे. वैद्य, वकील, परिचारिका यांच्याकडे येणारे गुपित या तिसऱ्या प्रकारचे. लॅटिनमध्ये त्याला जे नाव आहे त्याचा अर्थ 'सोपवलेले' असा होतो. परीक्षेपुरते आम्ही ते पाठ केले आणि उत्तीर्ण झालो. त्या शब्दात दडलेला साधा प्रश्न मात्र आम्हांला फार उशिरा सुचला. सोपवलेले म्हणजे कोणी सोपवलेले?

ठेव ज्याने ठेवली त्याची असते. सोनाराकडे कोणी दागिने सांभाळायला दिले, तर त्याने ते तिसऱ्याला देऊ नयेत हे खरेच. पण सोनार स्वतः अडचणीत आल्यावर तेच दागिने गहाण टाकून त्याने आपली सुटका करून घेतली, तर त्याला आपण विश्वासू म्हणू काय? गुप्ततेचे कर्तव्य रुग्णासाठी आहे. त्या कर्तव्याचा आडोसा डॉक्टरांनी स्वतःसाठी केला की, ठेव गहाण पडली असे समजावे.

आणि नोंदवहीतील खाडाखोड तर कोणाचीच ठेव नव्हती. कोणत्याही रुग्णाने ती विश्वासाने कोणाच्या स्वाधीन केलेली नाही. ती केवळ लपवलेली गोष्ट आहे. आणि लपवलेले ते सारे गुपित, असे म्हटले तर चोराच्या घरातील मालालाही देव्हाऱ्यात जागा द्यावी लागेल.

आपल्याकडील नियम या बाबतीत, आश्चर्य वाटेल इतके स्पष्ट आहेत. डॉक्टरांच्या आचरणाविषयीची भारतीय वैद्यक परिषदेची २००२ सालची नियमावली आजही लागू आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आली खरी, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली. या जुन्या नियमावलीत दोन कर्तव्ये आहेत. रुग्णाचे गुपित फोडू नये, हे एक. त्याला तीन अपवाद दिले आहेत: न्यायालयात न्यायाधीशांनी आदेश दिल्यास, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असल्यास, आणि कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या बाबतीत. दुसरे कर्तव्य असे की, आपल्याच व्यवसायातील अकार्यक्षम, भ्रष्ट वा अनैतिक वर्तन डॉक्टरने भीड न बाळगता उघडकीस आणावे. ही दोन्ही कर्तव्ये एकाच हाताने लिहिली गेली. लिहिणाऱ्यांना त्यांत विरोध दिसला नाही, कारण तो नाहीच. पहिले रुग्णाचे रक्षण करते, दुसरेही रुग्णाचेच. व्यवसायबंधूंची अब्रू राखणे हे तिसरे कर्तव्य कागदावर कोठेही नाही. ते आपणच मनात लिहून घेतलेले आहे.

हाच मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापुढेही आला होता. महाराष्ट्र वैद्यक परिषदेविरुद्धच्या एका याचिकेत १९९६ साली न्यायालयाने सांगितले की, रुग्णाने वा त्याच्या जवळच्या नातलगाने उपचारांचे कागद मागितले तर रुग्णालयाने व डॉक्टरांनी त्यांच्या प्रती दिल्याच पाहिजेत. तोवर कित्येक ठिकाणी 'गोपनीय' म्हणून रुग्णालाच त्याचे कागद नाकारले जात. रुग्णाची गुप्तता रुग्णापासूनच राखायची! २००२ च्या नियमावलीत मग मुदतही आली: मागणी झाल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे.

सहकार्याचा अभाव किती महाग पडतो, याचे मुंबईतील एक उदाहरण ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. १९८७ च्या डिसेंबरात बॉम्बे हॉस्पिटलमध्ये कर्करोगाच्या एका रुग्ण स्त्रीवर शस्त्रक्रिया सुरू झाली आणि अर्ध्यावर थांबवावी लागली. शस्त्रक्रियेचा सल्ला डॉ. प्रफुल्ल देसाई यांचा; पोट उघडले ते दुसऱ्या डॉक्टरांनी. त्याआधी न्यूयॉर्कच्या एका तज्ज्ञाने शस्त्रक्रिया करू नये, असे मत दिले होते. पुढे हालअपेष्टा सोसून १९८९ साली ती स्त्री मरण पावली. तिच्या पतीने वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. परिषदेने डॉक्टरांना दोषी धरून कडक ताकीद दिली. फौजदारी खटला मात्र चालतच राहिला. न्यूयॉर्कचे तज्ज्ञ साक्ष द्यायला तयार होते, पण भारतात येणार नव्हते. त्यांची साक्ष दूरचित्रसंवादाने घेता येईल की नाही, या एका प्रश्नावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००३ साली न्यायालयाने 'घेता येईल' असा निर्णय दिला आणि देशभरातील न्यायालयांना एक नवी वाट मिळाली. २०११ साली डॉक्टर दोषी ठरले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. सोडताना न्यायालयाने एक भेद केला: रुग्णाप्रती असलेल्या कर्तव्यात उणीव राहिली हे एक, आणि फौजदारी गुन्हा होणे हे दुसरे.

हा भेद आमच्या परिचारिकेला समजावून सांगताना फार उपयोगी पडला. परिषदेपुढे बोलणे म्हणजे डॉक्टरांना तुरुंगात धाडणे, अशी तिची समजूत होती. परिषद शिक्षा देते ती ताकीद देण्याची, नाव नोंदणीपुस्तकातून काही काळ वा कायमचे काढून टाकण्याची. ज्या विश्वासावर राज्याने एखाद्याला दुसऱ्याच्या देहाला हात लावण्याची मुभा दिली, तो विश्वास अजून शाबूत आहे की नाही, एवढेच ती पाहते. ते पाहण्यासाठी तिच्याजवळ स्वतःचे डोळे नाहीत. त्या रात्री जे जागे होते त्यांचेच डोळे तिला उसने घ्यावे लागतात.

वकिलांचे उदाहरणही येथे घ्यावेसे वाटते, कारण त्यांच्या गुप्ततेला कायद्याचे जेवढे मोठे कवच आहे तेवढे दुसऱ्या कोणत्याही व्यवसायाला नाही. १८७२ च्या साक्ष कायद्यात ते होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ते कायम राहिले. कायद्याने दिलेली त्याची उदाहरणे मोठी बोलकी आहेत. अशील म्हणतो, 'मी खोटा दस्त केला, माझा बचाव करा.' हे गुपित आहे. अशील म्हणतो, 'हा खोटा दस्त घ्या आणि याच्या जोरावर मला जमीन मिळवून द्या.' हे गुपित नव्हे. तिसरे उदाहरण तर जणू आमच्या परिचारिकेसाठीच लिहिलेले: अपहाराचा आरोप असलेल्या अशिलाच्या हिशेबवहीत, वकिलाने काम हाती घेतले तेव्हा नसलेली एक नोंद नंतर आलेली वकिलाला दिसते. हेही गुपित नव्हे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांना वहीतील मागाहून आलेली शाई दिसली होती!

तपास यंत्रणांनी वकिलांनाच समन्स धाडून अशिलांची माहिती मागण्यास आरंभ केला, तेव्हा २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्यांना आवर घातला. कायद्यातील अपवादात बसत असेल तरच आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी संमतीनेच असे समन्स काढता येईल, असे ठरले. ते योग्यच झाले. राज्याने विचारले म्हणून सर्व काही ओतून टाकावे, असे आमचे म्हणणे नाही. विचारणाऱ्याचा अधिकार कोठवर पोहोचतो, हे पाहण्याचा हक्क साक्षीदाराला आहे.

येथे वाचक विचारतील: फादर, दुसऱ्यांना सांगता, तुमच्या स्वतःच्या गुप्ततेचे काय? पापनिवेदनाचे मौन निरपवाद आहे. ते मोडणारा धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे आपोआप बहिष्कृत होतो. आपल्या देशाचा साक्ष कायदा वकिलाला देतो ते संरक्षण धर्मगुरूला देत नाही. तेव्हा प्रसंग आलाच तर जे भोगावे लागेल ते भोगावे, याहून दुसरा मार्ग आम्हांला नाही. प्रागच्या संत जॉन नेपोमुक यांना १३९३ साली राजाज्ञेने नदीत बुडवण्यात आले, ते राणीचे पापनिवेदन उघड न केल्याबद्दल, अशी परंपरा आहे. (इतिहासकार म्हणतात की, खरा वाद एका मठाधिपतीच्या नेमणुकीवरून होता. सेमिनरीत हे ऐकून आम्ही फार खट्टू झालो होतो.) परंतु पापनिवेदनाचे मौन हे इतर गुपितांच्या शिडीची सर्वांत वरची पायरी नव्हे. ती निराळीच वस्तू आहे. तेथे बोललेले देवाशी बोललेले असते. कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ एका परिच्छेदात पापनिवेदनाचे मौन सांगतो आणि लगेच पुढच्या परिच्छेदात व्यावसायिक गुपितांना अपवाद देतो: गुपित राखल्याने कोणाची फार मोठी हानी होणार असेल आणि ते उघड केल्यावाचून ती टळणार नसेल तर. या दोहोंमधील रेषा पुसून आपल्या सोयीच्या मौनाला साक्रामेंताचा झगा चढवण्याचा मोह धर्मगुरूंनाच अधिक होतो.

आम्हांला तो झाला आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथील एका विधवा बाईंचे जमिनीचे पैसे एका वकिलाकडे अडकले होते. दोघे आमच्या कार्यालयात आले. सगळी रक्कम मिळाल्याचे वकिलाने आमच्यासमोर मान्य केले आणि दोन महिन्यांची मुदत मागितली. दोनाचे आठ महिने झाले. बाईंनी बार कौन्सिलकडे तक्रार केली आणि कार्यालयात जे ऐकले ते लिहून द्या, अशी आम्हांला विनंती केली. वकील धर्मग्रामाचे मोठे आधार होते. आमच्या जमिनीची कामे ते विनामूल्य करीत. आम्ही बाईंना एक सुबक वाक्य लिहून पाठवले: धर्मगुरू या नात्याने कळलेल्या गोष्टी उघड करणे आम्हांस शक्य नाही.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर भेटल्या. म्हणाल्या, "फादर, पैसे माझे, गोष्ट माझी, आणि सांगा म्हणणारीही मीच. मग तुम्ही लपवलंत ते कोणाचं?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. तक्रार त्यांनी पुढे चालवली नाही. काही वर्षांनी आम्ही क्षमा मागायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी चहा दिला, मुलांची खुशाली सांगितली आणि त्या विषयाचा एक शब्दही काढला नाही.

असले मौन ख्रिस्तसभेने याहून कितीतरी भयंकर बाबतींत पाळले, आणि त्याची किंमत लहान मुलांनी मोजली. २०१९ च्या डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी अत्याचाराच्या प्रकरणांवरील 'पोपीय गुप्तता' रद्द केली आणि नागरी कायद्याने घातलेली कर्तव्ये पार पाडण्याच्या आड गुप्ततेचे कारण येणार नाही, असे ठरवले. आपल्या देशात त्याआधीच, २०१२ च्या पॉक्सो कायद्याने, असा गुन्हा कळल्यास तो कळवणे प्रत्येकावर बंधनकारक केले होते. देशाच्या कायद्याने आपल्याला शिकवावे, ही पाळी आपल्यावर आली.

तर त्या परिचारिकेला आम्ही काय सांगितले? वहीतील वेळेविषयी जे पाहिले ते जसेच्या तसे लिही, असे सांगितले. कोणी खोडले ते पाहिले नसेल तर 'पाहिले नाही' असेही लिही. डॉक्टरांनी गरिबांकडून पैसे घेतले नाहीत, हे विचारले तर तेही सांग. तेही सत्यच आहे. खोट्या साक्षीविषयीची आठवी आज्ञा दोन्ही बाजूंनी कापते.

दुसऱ्या गोष्टीपाशी आम्ही थांबलो. येथे खरोखरच गुपित होते, आणि ते फोडले असते तर तिच्या प्रिय डॉक्टरांचा लाभ झाला असता. एक लक्षात आल्यावाचून राहिले नाही: जे बोलायला हवे ते लपवण्याची आणि जे जपायला हवे ते सांगण्याची, अशा दोन्ही इच्छा तिच्या मनात एकाच ठिकाणाहून येत होत्या. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात साक्षीदाराच्या कर्तव्याविषयी लिहिताना असा विचार मांडला आहे की, विश्वासाने सांगितलेली गोष्टही कधीकधी उघड करणे भाग असते, जसे की समाजावर वा दुसऱ्या कोणावर गंभीर संकट येणार असेल तेव्हा. डॉक्टरांना अर्धवट माहितीवर दोषी ठरवले जाणे, हे तसे संकट आहे काय? आम्ही उलटसुलट पुष्कळ विचार केला. एका निरपराध माणसाची उपजीविका ही काही क्षुल्लक वस्तू नव्हे. परंतु त्या स्त्रीचा संसारही क्षुल्लक नव्हता. आणि एकदा कागदावर आलेली गोष्ट चौकशीत दोन्ही पक्षांच्या हाती जाते.

शेवटी एक अगदी साधी गोष्ट आमच्या तोंडून निघाली, आणि ती आधी कशी सुचली नाही याचे दोघांनाही नवल वाटले. "ती बाई जिवंत आहे ना? मग तिलाच का विचारत नाहीस?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "फादर, तिला विचारायचं म्हणजे मला तिच्या तोंडासमोर उभं राहावं लागेल. त्या रात्रीनंतर मी तिला भेटलेली नाही."

आम्हांला त्या विधवा बाईंच्या घरचा चहा आठवला.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर ती क्षणभर थांबली आणि आपण जाऊन आलो, एवढेच म्हणाली. त्या दोघींत काय बोलणे झाले, हे आम्ही विचारले नाही. निवेदन लिहून झाल्यावर ते वाचून पाहाल का, असे तिने विचारले, तेव्हा आम्ही नको म्हटले. भाषा सुधारण्याच्या निमित्ताने आमच्या हातून आणखी काही सुधारले जायचे.

चौकशीची तारीख एकदा पुढे ढकलली गेली आहे. नव्या तारखेला भाईंदरहून सकाळची लोकल पकडून तिला जायचे आहे. एकटीला धीर होत नाही, सोबत याल का, असे तिने विचारले आहे. आम्ही जाणार आहोत. आत जाण्याचे आम्हांला कारण नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहू.